शेड नंबर एकचे ठिपके

२५ ऑगस्ट २००३, सोमवार

अखेर मला काम मिळालं. आईला सांगलीला फोन करून सांगितलं, तर आधी खूश झाली, मग म्हणाली, "कसलं गं?" माशा मोजायचं, म्हटलं. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोनच कटला. माशा डुकरांच्या शेडमधल्या आहेत, हे तूर्तास गुलदस्त्यात आहे.

झालं असं की आमच्या खालच्या मजल्यावर अनंतकृष्ण मामा राहतात. तंजावरकडचे मराठी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी आवडी नावाच्या गावापुढे डुकरांचा फार्म काढलाय. आता फार्मच्या मागे नवी कॉलनी उभी राहिली आणि तिथल्या लोकांनी पंचायतीत तक्रार केली, की डुकरांमुळे आमच्या ताटात माशा पडतात. दिवाळीपर्यंत माशा आटोक्यात आल्याचा जाणकाराच्या सहीचा अहवाल द्या, नाहीतर फार्म बंद करा, असं मामांना सांगण्यात आलंय. मामा जिन्यात मला गाठून म्हणाले, "काय गे ऋजुता, किड्यामाश्यांचें शास्त्र शिकलीस मणून क्षितिज सांगत होता. खरेंच का? मग माज्या सवें ये."

कीटकशास्त्रात एमएस्सी करून, लग्न होऊन क्षितिजबरोबर इकडे तमिळ मुलखात, वेस्ट मांबलमला आले, त्याला सहा महिने झाले. या सहा महिन्यांत पाण्याच्या टँकरपुढे प्लॅस्टिकचे कुडम, म्हणजे घडे, लावण्यापलीकडे मी काही दिवे लावलेले नाहीत. मी जिन्यातच हो म्हणून टाकलं.

"पण एक. घरीं पन्नी मणून शब्द काढूं नको," मामा दबक्या आवाजात म्हणाले. पन्नी म्हणजे डुक्कर. विमलामामींना त्यांनी नुसतं 'फार्म' इतकंच सांगितलंय आणि मामी तिकडून ताजं दूध कधी येतंय याची वाट बघतायत. मला हसू आवरेना.

आजच जाऊन आले. पार्क स्टेशनला उतरून रस्ता ओलांडायचा आणि तिरुवल्लूरची गाडी पकडायची, पुढे शेअर ऑटो. दोन शेड आहेत, प्रत्येकीत साठ-साठ पांढरी डुकरं. वासाची भीती वाटत होती, तो अर्ध्या तासात नाकाने माफ केला. पद्धत सोपी आहे. माशा जिथे बसतात तिथे पांढरी कार्डं लावायची, एका शेडमध्ये आठ. माशी बसली की ओकते आणि हगते, त्याचे ठिपके पडतात. सात दिवसांनी ठिपके मोजायचे आणि कोरी कार्डं लावायची. एका कार्डावर शंभराच्या वर गेले की प्रकरण हाताबाहेर.

शेड एकची बाई पोन्नम्मा. चाळिशीची, काटक, नवरा नाही. शेडला लागूनच्या खोलीत मुलीसोबत राहते. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये आणि हातवारे करून बजावलं, कार्डाला अजिबात हात लावायचा नाही. तिने दोन्ही हात मागे घेतले, जणू मी विजेची तार दाखवली. शेड दोनची अलमेलू भाचीचे कान टोचायचे म्हणून गावी गेलेली. तिला नंतर सांगू.

१ सप्टेंबर, सोमवार

फजिती! शेड रोज पाइपने धुतात हे डोक्यातच आलं नव्हतं. कार्डांचा लगदा झालेला. मामा कपाळाला हात लावून बसले.

पण मीही खमकी आहे. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून सोळा कार्डं लॅमिनेट करून घेतली. आता धुवा म्हणावं किती धुवायचं ते! छताजवळ, पाण्याचा फवारा पोचणार नाही इतक्या उंचीवर लावली. क्षितिज म्हणाला, "आमच्या कंपनीच्या डिझाइन विभागात ये, इथे असली डोकी हवीत." चेष्टा होती, तरी मला बरं वाटलं.

८ सप्टेंबर, सोमवार

आज जे दिसलं त्याने झोप उडवलीय.

शेड एक: कार्डामागे सरासरी १३८. शेड दोन: ६१!

शेड तशाच, डुकरं तशीच, खाणं तेच, मधे पंधरा पावलांचं अंतर. मग शेड दोनमध्ये माशा निम्म्याहून कमी का? मी भिंग लावून दोनदा मोजलं. काळे ठिपके वेगळे, पिवळट वेगळे. शेड दोनच्या कार्डांवर कडेला थोडे फरकाटे दिसले, बहुधा ओलीमुळे.

अलमेलूला आज पहिल्यांदा पाहिलं. तिशीची, गोल चेहऱ्याची, भारी नीटनेटकी. शेडच्या दारात रोज कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, काढते. चौकटीला हळद-कुंकू, फावडी रांगेत उभी. मला बघताच तिने विचारलं, "मेडम, माझं कार्ड स्वच्छ आहे ना?" मी म्हटलं, एकदम! ती लाजून हसली.

पोन्नम्माने विचारलं, "माझा नंबर किती?" मी सांगितला. "मोठा आहे?" "हो, चांगला मोठा," मी खुशीत म्हटलं, कारण मला खरंच गंमत वाटत होती. जाताना तिने माझ्या पिशवीत दोन पेरू टाकले. गोड बाई आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज मुद्दाम जाऊन सगळा फार्म पायाखाली घातला. वारा, ऊन, नाली, खत, सगळं बघितलं. फाटकाजवळ दोन्ही शेडच्या मधोमध उष्ट्याची टाकी आहे. हॉटेलांचं उरलेलं सांबार-भात टेंपोने येतं आणि तिथे ओततात. टाकीच्या काठावर अळ्यांची नुसती जत्रा! तांदूळ सांडून तो चालायला लागावा तसं. मी बराच वेळ बघत उभी राहिले. पण टाकी दोन्ही शेडना सारखीच जवळ, त्यातून फरकाचा उलगडा होत नाही. शिवाय मामांनी मला शेडमधलं काम दिलंय, टाकीचं नाही. पुढे गेले.

संध्याकाळी मात्र घबाड हाती लागलं. अलमेलू पाटीत ओली कडुनिंबाची पानं घालून शेडमध्ये धूर करते! पोन्नम्मा करत नाही. सापडलं!

१५ सप्टेंबर, सोमवार

शेड एक १४४, शेड दोन ५७. निंबाचा धूर, दुसरं काही नाही. मी यावर टिपण लिहायला घेतलंय. नीट जमलं तर कोल्हापूरच्या माझ्या एमएस्सीच्या सरांना पाठवेन. पीएचडीला इथे कुठे जागा मिळते का, तेही विचारेन.

पोन्नम्मालाही उद्यापासून धूर करायला सांगितला. किती पानं, किती वेळ, सगळं दाखवलं. ती एकेक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवत होती.

घरीही प्रयोग केला. क्षितिज खोकून खोकून गॅलरीत गेला आणि विमलामामी धावत वर आल्या, "काय गे, घर पेटलें काय?"

२२ सप्टेंबर, सोमवार

शेड एक १४१. म्हणजे धुराने काडीचाही फरक नाही! शेड दोन ५९.

माझी तर चिडचिड झाली. धूर तोच, पाला त्याच झाडाचा. मग एकच उरतं, पोन्नम्मा धूर नीट करत नसणार. विचारलं तर म्हणते, रोज करते, डोळे चुरचुरतात इतका करते. डोळे लाल होते खरे. पण आकडे काय खोटं बोलतात? मामांना दर सोमवारी जो तक्ता देते, त्यात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: शेड १, धुरीच्या कामात हयगय.

आणखी एक मजा. मी गेले तेव्हा पोन्नम्मा पंचा घेऊन कार्डांपुढे उभी होती आणि माशा उडवून लावत होती. मी हसत म्हटलं, "अक्का, बसू द्या हो त्यांना, आपल्याला तेच तर मोजायचंय!" तिने पंचा खाली घेतला. तोंड एवढंसं झालं. हिला माशांचा एवढा राग का, कळत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

१३९ आणि ६०. आकडे इतके ठाम की टिपणाचा शेवट आताच लिहून ठेवावासा वाटतोय. मामांनी तक्ता चष्मा वर-खाली करत बराच वेळ वाचला. म्हणाले, "तुजा कागद बहु उपयोगी आहे. पूजा झाल्यावर ठरवितों." जाळ्या बसवणार असतील, किंवा चुना मारून घेतील. एकूण माझ्या कामाला किंमत आहे म्हणायची.

पोन्नम्मा आज पेरू द्यायला आली नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहिते.

परवा शनिवारी आयुधपूजा झाली. इकडे त्या दिवशी कामाची एकूणएक वस्तू धुऊन-पुसून तिला चंदन-कुंकू लावतात. आज गेले तर फार्म नुसता नटलेला. पंपाला कुंकू, फावड्यांना कुंकू, वजनकाट्याला हार, एका डुकराच्याही कपाळाला टिळा. बघून हसतच शेड दोनमध्ये शिरले आणि जागीच थिजले. माझी आठही कार्डं पूजेसाठी पुसलेली, ठिपके जेमतेम दोन दिवसांचे, आणि प्रत्येकावर मधोमध चंदनाचं बोट, त्यावर कुंकू.

मी अलमेलूवर ओरडले, "पुसलं कशाला? आठवड्याचं काम पाण्यात घातलंस!"

ती गोंधळली. म्हणाली, "मेडम, न पुसता कुंकू कसं लावायचं? आणि हे काय आजचं आहे? दर शुक्रवारी छतापर्यंत शेड धुते, तेव्हा स्टुलावर चढून ओल्या फडक्याने पुसतेच. तुमची वस्तू आहे, घाण कशी ठेवणार?"

दर शुक्रवारी.

मी तिथेच उलट्या बादलीवर बसले. शुक्रवारी पुसायचं, सोमवारी मी मोजायचं. म्हणजे शेड दोनमध्ये मी तीनच दिवसांचे ठिपके मोजत होते आणि शेड एकमध्ये सात दिवसांचे. तीन दिवसांचे साठ, तर सात दिवसांचे किती? एकशे चाळीस. दोन्ही शेड सारख्या! निंबाचा धूर नाही, हयगय नाही, काही नाही. आणि हिला हात लावू नकोस हे मी सांगितलंच नव्हतं. नंतर सांगू म्हटलं होतं, ते राहूनच गेलं. वर कार्डं लॅमिनेट करून पुसण्याची सोयही मीच करून दिली. कागदाची असती तर पुसलेली एका नजरेत कळली असती.

पोन्नम्माला सांगायला पळत शेड एकमध्ये गेले. कार्डं जशीच्या तशी, एकाला बोट लागलेलं नाही. पण तिथे एक अनोळखी माणूस झाडत होता. खोलीला कुलूप.

अलमेलू माझ्या मागोमाग आली होती. हळूच म्हणाली, "तिला शनिवारी पूजेनंतर काढलं, मेडम. तुमच्या कागदात लिहिलं होतं ना, ती काम करत नाही म्हणून."

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळीच मामांचं दार वाजवलं. मामी आत होत्या, म्हणून मामा मला गच्चीत घेऊन गेले.

सगळं सांगितलं. अलमेलूचं नाव मधे येऊ दिलं नाही. चूक माझी, तिला सूचना द्यायची मी विसरले, असं सरळ सांगितलं. मामा कठड्याला टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी तिला काढलें नाहीं गे. तुज्या कागदानें काढलें. मी बँकेंतला माणूस. लिहिलेलें पाहून चालणारा."

इतकं लागलं ते. कारण खरं होतं.

मी म्हटलं, मग आता माझाच कागद सांगतोय, तिला परत घ्या. मामा म्हणाले, नवा माणूस ठेवला आहे, खोली त्याला देऊ केली आहे, रोज रोज माणसें बदलूं काय? दिवाळीला सतरा दिवस राहिले, आधीं माशांचें पाहा.

माशांचं पाहिलंय, मी म्हटलं. दोन्ही शेडमध्ये माशा सारख्या असतील तर त्या दोन्हींच्या मधून येतात. तुमची उष्ट्याची टाकी. महिन्यापूर्वी मी तिच्या काठावर उभी राहून अळ्या बघत होते, मामा, आणि पुढे निघून गेले. पोन्नम्माने चोवीस तास धूर केला असता, तरी काय होणार होतं?

टाकी मामांनीच बांधून घेतली होती.

मग मी ते बोलले. पंचायतीला माझी सही लागणार आहे. पोन्नम्मा तिच्या खोलीत परत येईपर्यंत मी सही करणार नाही.

"मला अडवितेस?" मामा लालेलाल झाले. "परक्या गांवांत तुला मुलीसारिखी धरली, आणि मला अडवितेस?"

"हो," मी म्हटलं आणि खाली येऊन रडत बसले. क्षितिजने विचारलं, चहा करू का? मी नको म्हटलं, त्याने तरी केला.

८ ऑक्टोबर, बुधवार

अलमेलूकडून पत्ता घेऊन एन्नोरला गेले. पोन्नम्मा बहिणीकडे, कोळ्यांच्या वस्तीत. वीजकेंद्राची राख सगळीकडे. दोरीवरच्या धुतलेल्या साड्याही करड्या. ती दारात मासे निवडत होती. मला बघून उठली, पदर नीट केला. मेले मी तेव्हाच.

तिचा पहिला प्रश्न, "नंबर कमी झाला का, मेडम?"

मी सांगितलं, नंबर चुकीचा होता. कसा चुकला तेही सांगितलं. जमिनीवर काडीने तीन रेघा आणि सात रेघा ओढून दाखवलं. तिला एका दमात समजलं.

"अलमेलू पुसायची, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही वाटलं, आपणही पुसावं. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हात लावायचा नाही. मग मी पंचा घेऊन उभी राहायचे. तेही तुम्ही नको म्हणालात."

"मला सांगायचंस ना गं, की ती पुसते!"

"आणि तिची नोकरी गेली असती म्हणजे?"

ती पुन्हा मासे निवडायला बसली. निवडता निवडता विचारलं, "मग आता काय लिहिणार?"

"खरं ते."

"तेव्हाही खरंच लिहिलं होतं ना, मेडम?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. मुलीची शाळा तिकडेच आहे, तीन दिवस बुडालीय, एवढंच ती पुढे म्हणाली. येशील का परत, असं विचारलं तर म्हणाली, बोलावलं तर बघू.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मामांनी तिला बोलावलं! काल दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, रात्री जिन्यात म्हणाले, "टाकी स्वतां पाहून आलों. शी." एवढंच. नव्या माणसाला टाकीच्या कामावर लावलंय. ती उपसून, घासून, चुना मारून घट्ट झाकण बसवणार. उष्टं आलं की त्याच दिवशी उकळून संपवायचं. आणि पोन्नम्माला आणायला उष्ट्याचाच टेंपो एन्नोरला पाठवला. संध्याकाळी ती, मुलगी आणि दोन बोचकी उतरली. मामा तिच्यासमोर बराच वेळ घसा खाकरत उभे होते. शेवटी म्हणाले, खोलीचा दिवा बदलून दिला आहे. माफी ती हीच समजायची.

कोल्हापूरच्या सरांसाठी लिहिलेलं टिपण फाडून टाकलं. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पहिल्यांदाच दोन्हीकडे सात दिवस पूर्ण, कुणाचंही फडकं न लागता. शेड एक ११८, शेड दोन १२१. अलमेलू रडकुंडीला आली, "माझी शेड घाण झाली, मेडम!" तिला समजावता समजावता नाकी नऊ आले. पोन्नम्माच शेवटी तिला बाजूला घेऊन गेली. दोघी काय बोलल्या माहीत नाही, पण अलमेलू हसत परत आली.

पोन्नम्मा माझ्याशी कामापुरतं बोलते. पेरू नाहीत. बरोबर आहे तिचं.

२० ऑक्टोबर, सोमवार

टाकी बंद होऊन दहा दिवस झाले. आजची मोजणी पंचायतीत जाणार.

मी कार्डं काढायला स्टूल घेतलं, तर पोन्नम्मा म्हणाली, "माझ्या शेडची इथेच मोजा. माझ्यासमोर." मामा, अलमेलू, सगळे बघत होते. मी म्हटलं, ये, बस. पहिलं कार्ड उजेडात धरून पेन्सिलीच्या टोकाने मोजलं. त्रेचाळीस. जीव भांड्यात पडला. वहीत लिहिणार, तोच ती म्हणाली, "सेहेचाळीस."

ती तर नुसती बघत होती, बोटसुद्धा हललं नव्हतं! मी विचारलं, कसे मोजलेस? म्हणाली, लहानपणापासून रोज सकाळी दारात ठिपके घालते, मेडम, एकवीस ओळींचं कोलमसुद्धा घालते, नजरेलाच कळतं किती आहेत. मामा म्हणाले, "ऋजुता शिकलेली आहे गे, तिचें राहूं दे." त्यांना घाई झाली होती.

मी कार्ड परत उजेडात धरलं. या खेपेला एकेक ठिपका मार्करने खोडत गेले. कोपऱ्यात एकाला एक चिकटलेले दोन होते, ते मी एक धरले होते. लॅमिनेशनच्या दुमडलेल्या कडेखाली आणखी दोन.

सेहेचाळीस.

उरलेली पंधरा कार्डं मी एकेक करून तिच्या हातात दिली. ती आकडा सांगत गेली आणि मी लिहीत गेले. सरासरी शेड एक ४५, शेड दोन ४७. अहवालाखाली सही केली आणि तिला तमिळमध्ये वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत: मोजणी, पोन्नम्मा, शेड नंबर एक.

तिने ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली.